अतिसंवेदनशील बालक व दंतोपचार : शिक्षकांचे साहाय्य

शाळेची घंटा झाली की दोन्ही कानांवर हात ठेवणारे, नवा गणवेश अंगाला टोचतो म्हणून रडणारे, मऊ भाताला बोटही न लावणारे एखादे बालक पुष्कळ वर्गांत आढळते. त्यास हट्टी किंवा लाडावलेले समजण्याचा प्रघात आहे. वस्तुतः आवाज, प्रकाश, स्पर्श, वास व चव या संवेदनांची योग्य संगती लावणे अशा बालकाच्या मेंदूस कठीण जाते. इतरांस जो स्पर्श जाणवतही नाही, तो त्यास बोचतो. अमेरिकेतील डॉ. जीन एअर्स यांनी १९७२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या विषयाची शास्त्रीय मांडणी केली आहे. स्वमग्न बालकांत ही अडचण विशेष दिसते. तथापि इतर बालकांतही ती असू शकते.

दंतवैद्याच्या खुर्चीत या साऱ्या संवेदना एकाच वेळी बालकावर येऊन आदळतात. डोळ्यांवर प्रखर दिवा, कानाशी यंत्राची घरघर, तोंडात अनोळखी बोटे, जिभेवर औषधाची कडवट चव आणि पाठीमागे कलणारी खुर्ची! बालक किंचाळते, चावते, पळू पाहते. मग चारचौघे त्याचे हातपाय धरतात. दात एकवेळ निघतो. परंतु भीती मनात कायमची बसते आणि पुढे दुखणे असह्य होईपर्यंत घरची माणसे त्यास पुन्हा नेण्यास धजत नाहीत.

दुखणे ओळखणे

अशा बालकास दाढ दुखते हे पुष्कळदा शब्दांनी सांगता येत नाही. शालेय पोषण आहार नाकारणे, एकाच बाजूने चावणे, गालावर चापट्या मारून घेणे, एकाएकी चिडखोर होणे, ही त्याची भाषा होय. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे पहिली कायमची दाढ येते. ती दुधाचीच समजून तिच्या किडीकडे दुर्लक्ष होते. ती गेल्यास पुन्हा येत नाही. गालावर सूज किंवा ताप असल्यास मात्र कोणत्याही पूर्वतयारीची वाट न पाहता त्याच दिवशी वैद्यकीय मदत घ्यावी.

शाळेतील पूर्वतयारी

लहान मुलांच्या दंतचिकित्सेत ‘सांगा, दाखवा, करा’ ही पद्धत १९५९ पासून प्रसिद्ध आहे. प्रत्येक कृती आधी सोप्या शब्दांत सांगावयाची, मग दाखवावयाची आणि त्यानंतरच करावयाची. हिचा आरंभ शाळेतच करणे इष्ट होय.

प्रथम पाच-सहा चित्रांची एक लहान वही तयार करावी : एस. टी. गाडी, रुग्णालयाचे दार, खुर्ची, दिवा, छोटा आरसा आणि शेवटी घर. ती रोज एकदा बालकासमवेत पाहावी. त्यानंतर दात घासण्याचा ब्रश प्रथम तळहातावर, मग गालावर, मग ओठांवर आणि अखेरीस दातांवर टेकवावा. एका पायरीवर बालक स्थिर झाल्याखेरीज पुढील पायरी घेऊ नये. सतरंजीवर उताणे निजवून, एक ते दहा अंक मोजेपर्यंत तोंड उघडे ठेवण्याचा खेळ घ्यावा. दहा म्हणताच थांबावयाचे, आणि बालकाने हात वर केल्यास मध्येच थांबावयाचे. हे वचन एकदाही मोडू नये. सारी भिस्त त्यावरच आहे. बक्षीस म्हणून गोळ्या-चॉकलेट न देता त्याच्या आवडीची वस्तू द्यावी.

रुग्णालयात

मलकापुरातच दाखवावयाचे असो वा कोल्हापूरच्या छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात जावयाचे असो, बालकाच्या हाती शिक्षकाची एक चिठ्ठी असावी. कोणता आवाज त्यास सोसत नाही, कोठे स्पर्श केलेला चालत नाही, काय केल्याने ते शांत होते, एवढेच तीत लिहावे. गर्दी होण्यापूर्वीची वेळ मागून घ्यावी आणि पहिल्या भेटीत केवळ खुर्चीत बसवून परत आणता आल्यास उत्तम. डोळ्यांवर टोपी, कानांत कापूस व अंगावर ओळखीची जड वाकळ यांनी पुष्कळ बालकांस स्वस्थता लाभते. वाकळ त्यास आवडत असेल तरच घालावी. तीत बांधून मात्र ठेवू नये. लॉस एंजेलिस येथील बालरुग्णालयात स्वमग्न बालकांवर झालेला एक अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. मंद प्रकाश, संथ संगीत व अंगाभोवती सौम्य दाब देणारे आवरण या साध्या योजनांनी दात स्वच्छ करताना बालकांचा त्रास कमी झाल्याचे त्यात आढळले. काही बालकांस भूल देऊनच उपचार करावे लागतात. तो निर्णय डॉक्टरांचा असून त्यात पालकांनी कमीपणा मानू नये.

२०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळेतच आरोग्य तपासणी होते व तीत दातांचीही पाहणी केली जाते. पथक आले असता अशा बालकास रांगेत उभे न करता सर्वांत आधी, शांत खोलीत दाखवावे. गटसाधन केंद्रातील समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांचा सल्लाही अवश्य घ्यावा.

दंतवैद्यास ते बालक काही मिनिटेच भेटते. शिक्षकास ते वर्षभर भेटते. त्यास काय सोसते व काय सोसत नाही, हे घरच्या माणसांखालोखाल शिक्षकच जाणतो. ते ज्ञान चिठ्ठीच्या चार ओळींत खुर्चीपर्यंत पोहोचले, तर बालकाचे हातपाय धरण्याची वेळ बहुधा येणार नाही.