स्पर्श-असहिष्णु बालके आणि उन्हापासून संरक्षण

चैत्र लागला की घामोळे, उन्हाळी लागणे, घोळणा फुटणे अशा तक्रारींची बालके आपल्या चिकित्सालयात येऊ लागतात. त्यांतच काही बालके निराळी असतात. डोक्यावर टोपी ठेवताच ती भिरकावून देतात, अंगाला तेलाचे बोट लागू देत नाहीत आणि मानेमागचे लेबल कापल्याशिवाय सदरा अंगात घालत नाहीत. यांतील काहींना स्वमग्नता म्हणजे ऑटिझम असते, काहींना अन्य विकासात्मक अडचणी असतात, तर काहींना कोणतेही निदान चिकटवता येत नाही. अशा बालकांना उन्हापासून कसे जपावे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रारंभी आमचीच चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी सात वर्षांच्या एका स्वमग्न मुलाचे गाल व मान उन्हाने लाल झाली म्हणून आम्ही चंदन, उशीर व गुलाबजल यांचा लेप दिला. द्रव्ये निर्दोष होती. परंतु लेप वाळू लागला की त्वचा ताणली जाते, याकडे आमचे लक्ष नव्हते. तो ताण त्या मुलास इतका असह्य झाला, की त्याने गाल ओरबाडून काढले. आईने तिसऱ्या दिवशी डबी परत आणून टेबलावर ठेवली. आम्ही अग्नी, मल, निद्रा सर्व काही विचारले होते. स्पर्शाविषयी मात्र एकही प्रश्न विचारला नव्हता.

इंद्रियसंवेदनांच्या या विषमतेकडे अमेरिकेतील व्यवसायोपचारतज्ज्ञ जीन एअर्स यांनी १९७२च्या आपल्या ग्रंथाद्वारे लक्ष वेधले, आणि २०१३ साली अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानसंहितेत ती स्वमग्नतेच्या लक्षणांत समाविष्ट झाली. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या अकराव्या अध्यायात इंद्रियार्थांचे अतियोग, अयोग व मिथ्यायोग सांगून स्पर्शनेंद्रिय सर्व इंद्रियांना व्यापून असल्याचे म्हटले आहे. दोन्ही गोष्टी एकच आहेत असा दावा आम्ही करणार नाही. तथापि पालकांना समजावताना ही परिभाषा फार उपयोगी पडते. आपणास जो स्पर्श सम वाटतो, तो त्या बालकास अतियोग वाटतो, एवढे कळले तरी 'हट्टी' हा शब्द घरातून निघून जातो.

याच्या उलट प्रकारही असतो, आणि आमच्या मते तो अधिक धोक्याचा आहे. काही बालकांना वेदना, उष्णता, तहान यांची जाणीवच उशिरा होते. त्वचा भाजत असताना ती मैदानावर खेळत राहतात. पहिल्या प्रकारचे मूल निदान ओरडून सांगते. हे सांगत नाही. येथे पाणी तहानेवर न सोडता घड्याळावर द्यावे लागते.

ऊन म्हणजे केवळ उष्मा नव्हे, हेही पालकांना स्पष्ट करावे. त्वचा भाजते ती अतिनील किरणांमुळे. ती डोळ्यांना दिसत नाहीत, उष्ण लागत नाहीत आणि पातळ ढगांतून बऱ्याच प्रमाणात खाली येतात. आपल्याकडील सावळ्या वर्णास त्यांपासून थोडे नैसर्गिक संरक्षण आहे आणि त्वचेच्या कर्करोगाचे प्रमाण गौरवर्णीयांच्या मानाने बरेच कमी आहे. परंतु उन्हाने त्वचा भाजणे, डोळ्यांवरील परिणाम आणि उष्माघात यांतून आपली बालके सुटलेली नाहीत.

आता उपाय. आपल्यापैकी अनेकांचा हात प्रथम लेपाच्या डबीकडे जातो. या बालकांत तो शेवटी जावा. सकाळी दहा ते दुपारी चार या वेळात उघड्यावर जाणे टाळणे हा सर्वांत कमी स्पर्शाचा उपाय होय. त्यासाठी सावलीचा खेळ शिकवावा : आपली सावली आपल्या उंचीहून आखूड दिसली की घरात किंवा झाडाखाली यायचे. ठराविक नियमावर प्रेम करणाऱ्या स्वमग्न मुलांना हा खेळ मनापासून आवडतो, असा आमचा अनुभव आहे. त्यानंतर छत्री. चरकाच्या दिनचर्येत छत्रधारणाचा स्वतंत्र उल्लेख आहे. ही वस्तू त्वचेला शिवतही नाही, तरी आपल्या चिठ्ठीवर ती कधी लिहिली जात नाही!

वस्त्र सैल, पूर्ण बाह्यांचे पण दाट विणीचे असावे. कापड दिव्यासमोर धरून पलीकडचे स्पष्ट दिसत असेल, तर किरणेही आत येणार. नवे कोरे सुती कापड टोचते. दोन-चार वेळा धुतले की ते मऊ पडते आणि आटल्याने वीणही घट्ट होते. पांढरे, पातळ सुती कापड भिजले की त्याचे संरक्षण घटते. टोपीतील इलॅस्टिक पुष्कळ मुलांना नकोसे होते. विदर्भात डोक्याला दुपट्टा घट्ट गुंडाळण्याची जी पद्धत आहे, ती काही मुलांना टोपीपेक्षा सुखावह वाटते. कारण हलका, गुदगुल्या करणारा स्पर्श त्यांना नकोसा असला, तरी दृढ दाब शांत करतो. शिरोवस्त्राची सवय मात्र फाल्गुनातच, घरात, रोज दोन-तीन मिनिटे अशी लावावी.

उरलेल्या उघड्या भागासाठी सनस्क्रीन. एसपीएफ ३० किंवा अधिक आणि दोन्ही प्रकारच्या अतिनील किरणांवर उपयोगी, असे ते असावे. झिंक ऑक्साइड व टायटॅनियम डायऑक्साइड यांचे मलम डोळ्यांत कमी झोंबते, पण दाट असते व पांढरा थर ठेवते. इतर लोशने पातळ असतात, पण झोंबू शकतात. कोणते निवडावे, हे मुलाच्या त्वचेने ठरवावे. औषधी दुकानदार बंधूंना विनंती, की सुगंधरहित मलम अवश्य ठेवावे आणि शक्य असल्यास नमुना मुलाच्या हाताच्या पाठीवर लावू द्यावा. फवाऱ्याचा आवाज व गार झोत या मुलांना दचकवतो, शिवाय तो श्वासातही जातो. नळी तापत्या मोटारीत ठेवू नये, हेही सांगावे.

एसपीएफचा आकडा दर चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम लेप धरून काढलेला असतो. प्रत्यक्षात लोक त्याहून बरेच कमी लावतात. म्हणून सर्वांगाला पुसटसे लावण्याऐवजी नाक, कान, मानेची मागील बाजू व हातांची पाठ एवढेच, पण पुरेसे लावावे. घराबाहेर पडण्यापूर्वी पंधरा-वीस मिनिटे, तळहाताने दाबून, मोठ्याने दहापर्यंत मोजत लावावे आणि दहाला थांबावेच. मुलाला स्वतः लावू दिल्यास उत्तम. दर दोन तासांनी व घाम आल्यावर पुन्हा लावावे लागते. सहा महिन्यांखालील बालकास मात्र छाया व वस्त्र हेच संरक्षण.

शतधौत घृत भाजलेल्या त्वचेचा दाह शमवते. ते सूर्यरक्षक नव्हे. खोबरेल तेलाचेही तेच. यशदभस्म तुपात खलून सनस्क्रीन म्हणून देण्याचा प्रकार आमच्या पाहण्यात आला आहे. लेपाचा थर सारखा बसतो की नाही यावर संरक्षण ठरते आणि ते प्रयोगशाळेत मोजावे लागते. न मोजता तसा शब्द डबीवर छापणे योग्य नाही.

सर्वांत जपण्याची गोष्ट म्हणजे बाकुची. श्वित्रासाठी बाकुची चालू असलेल्या बालकाची त्वचा उन्हात चटकन भाजते, फोडही येतात. आग होते हे जे मूल सांगू शकत नाही, त्याला ती देण्याचा निर्णय दोनदा विचार करून घ्यावा, आणि दिल्यास आतपसेवनाची मिनिटे पालकांना लिहून द्यावीत. तसेच बालक अपस्मारासाठी टोपिरामेट वा झोनिसामाइड घेत असल्यास घाम कमी येऊन शरीर तापू शकते. रिस्पेरिडोनसारख्या औषधांनीही शरीराचे तापमान-नियमन बिघडू शकते. ती औषधे आपण बंद करावयाची नाहीत, पण मुलाला दुपारी मैदानावर पाठवू नये हे सांगणे आपल्या हाती आहे. आमच्या केसपेपरवर आता चालू औषधांच्या रकान्याखाली आणखी एक ओळ छापली आहे : 'कोणता स्पर्श सहन होत नाही?'