मानलिखर-शोनाउअर कार्बाइन

ऑस्ट्रियातील स्टायर येथे तयार झालेली १९०३ च्या नमुन्याची मानलिखर-शोनाउअर कार्बाइन आखूड व हलकी असल्याने डोंगरात शिकार करणाऱ्यांना सोयीची ठरली. तिचे वैशिष्ट्य म्हणजे फिरते मॅगझिन. त्यात पाच काडतुसे एका आसाभोवती बसतात आणि बोल्ट मागेपुढे करताच एकेक वर येते. हे मॅगझिन ६.५ मिलिमीटरच्या एका विशिष्ट काडतुसाच्या मापानेच घडविलेले असते. त्यामुळे ते काडतूस मिळेनासे झाले, की बंदूक केवळ शोभेची उरते.

जुन्या कार्बाइनवर दुर्बीण बसविण्यासाठी छिद्रे पाडल्यास शिकाऱ्याची सोय होते. मात्र संग्राहकाच्या लेखी तिचे मोल घटते. बुजविलेले छिद्रही जाणत्याच्या नजरेतून सहसा सुटत नाही. मूळ स्थितीतील नमुने विरळ होण्याचे हे एक कारण होय.