जुन्या मोटारगाडीच्या वातानुकूलन यंत्रणेतील शीतक गळतीचा शोध : राजूर परिसराच्या संदर्भात एक विवेचन

सारांश : वातानुकूलन यंत्रणेतील शीतक वायू वापराने संपत नाही, तो कमी झाला असेल तर गळती झालेली असते. असे असताना गळतीचा शोध न घेता दर उन्हाळ्यात वायू भरून घेण्याची पद्धत सर्वत्र रूढ आहे. प्रस्तुत लेखात गळतीची स्थाने, ती शोधण्याच्या पद्धती व त्यांच्या मर्यादा यांचे राजूरसारख्या डोंगराळ परिसराच्या संदर्भात विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : शीतक, गळती, नायट्रोजन चाचणी, ओझोन, राजूर.

प्रस्तावना :
अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातील राजूर हे सह्याद्रीच्या पायथ्याचे, भंडारदरा जलाशयाजवळचे बाजारपेठेचे गाव होय. येथील पावसाळा दीर्घ व जोरदार, हिवाळ्यातील रात्री थंड, तर उन्हाळ्याची दुपार कडक असते. या परिसरात शहरातून वापरून आलेल्या जुन्या गाड्या खाजगी व प्रवासी वाहतुकीसाठी वापरल्या जातात. घाटरस्त्यांचे हादरे, चिखल आणि दमट हवा यांचा परिणाम यंत्रणेच्या सांध्यांवर होणे स्वाभाविक आहे. म्हणूनच या प्रश्नाचा विचार स्थानिक परिस्थितीशी जोडून करणे उपयुक्त ठरते.

उद्दिष्टे :
१. शीतक गळतीची प्रमुख स्थाने व कारणे स्पष्ट करणे.
२. गळती शोधण्याच्या पद्धतींचे तुलनात्मक विवेचन करणे.
३. या प्रश्नाची आर्थिक व पर्यावरणीय बाजू मांडणे.

यंत्रणेचे स्वरूप व गळतीची स्थाने :
कॉम्प्रेसर, कंडेन्सर, ड्रायर, एक्स्पान्शन व्हॉल्व्ह आणि कूलिंग कॉइल हे या यंत्रणेचे मुख्य घटक होत. त्यांना जोडणाऱ्या नळ्यांतून शीतक व त्यासोबत वंगण तेल बंदिस्त चक्रात फिरत असते. गळतीतून केवळ वायूच नव्हे, तर तेलही बाहेर पडते. त्यामुळे वारंवार केवळ वायू भरल्यास तेल कमी होत जाऊन अखेरीस कॉम्प्रेसर निकामी होतो. काही हजारांचे काम त्यामुळे कितीतरी अधिक खर्चाचे होऊन बसते.

गळती प्रामुख्याने पुढील ठिकाणी आढळते : सांध्यांतील रबरी ओ-रिंग, वायू भरण्याच्या तोंडाचा व्हॉल्व्ह, कॉम्प्रेसरच्या शाफ्टचे सील, रबरी नळी व धातूचे टोक यांचा दाबून केलेला जोड, कंडेन्सर आणि कूलिंग कॉइल. कंडेन्सर गाडीच्या पुढच्या भागात असल्याने त्यावर दगड व चिखलाचा मारा होतो. कूलिंग कॉइलवर ओलसर धूळ व पालापाचोळा साचून धातू गंजतो.

शाफ्टच्या सीलचा मुद्दा राजूर परिसरात विशेष महत्त्वाचा आहे. पावसाळा व हिवाळा मिळून अनेक महिने गाडीचा एसी बंदच असतो. या काळात सीलपर्यंत तेल पोहोचत नाही, ते कोरडे पडते आणि वायू हळूहळू झिरपतो. चैत्रात एसी सुरू केल्यावर गार हवा येत नाही, त्याचे हे एक कारण असू शकते. आठवड्यातून एकदा दहा मिनिटे एसी चालविल्यास सील ओले राहते. शिवाय पावसात काचेवरील दमटपणाही निघून जातो.

गळती शोधण्याच्या पद्धती :
१. निरीक्षण : तेल वायूबरोबर बाहेर येत असल्याने गळतीच्या जागी तेलकट धूळ चिकटते. सर्वप्रथम सर्व सांधे उजेडात न्याहाळावेत. ही पद्धत बिनखर्चाची आहे. मात्र तेलाचा डाग इंजिनाचाही असू शकतो.

२. साबणाचे पाणी : दाब असताना सांध्यावर फेस लावल्यास बुडबुडे दिसतात. मोठी गळती यातून सापडते; सूक्ष्म गळती व आतील कूलिंग कॉइल या पद्धतीच्या आवाक्यात येत नाहीत.

३. चमकणारा रंग : यंत्रणेत विशिष्ट रंग सोडून गाडी काही दिवस चालविली जाते व नंतर अतिनील दिव्याखाली पाहिले जाते. कूलिंग कॉइलसाठी पाणी बाहेर पडण्याच्या नळीचे तोंड तपासावे. पूर्वी कोणी रंग सोडला असल्यास जुने डाग पुसून मगच चाचणी करावी, अन्यथा दिशाभूल होते.

४. इलेक्ट्रॉनिक शोधक : वर्षाला काही ग्रॅम इतकी अल्प गळतीही हे उपकरण दाखवू शकते. शीतक आर-१३४ए हवेपेक्षा सुमारे साडेतीन पट जड असल्याने शोधकाचे टोक सांध्याच्या खालच्या बाजूने हळूहळू फिरवावे. वाऱ्याच्या झोतात तपासणी निष्फळ ठरते. पूर्वी वापरली जाणारी ज्योतीची पद्धत क्लोरीन असलेल्या शीतकांवरच चालते; आर-१३४एमध्ये क्लोरीन नसल्याने ती येथे निरुपयोगी होय.

५. नायट्रोजन चाचणी : यंत्रणा रिकामी असल्यास कोरडा नायट्रोजन रेग्युलेटरमधून, उत्पादकाने दिलेल्या मर्यादेतच भरावा. ऑक्सिजन कदापि वापरू नये. तेलाशी संयोग होऊन स्फोट होऊ शकतो. साधी दाबाची हवाही टाळावी, कारण तिच्यासोबत ओलावा आत जातो. दाब पाहताना तापमानाचे भान आवश्यक आहे. ३० अंश सेल्सिअसला १० बार निरपेक्ष दाब असल्यास २० अंशांना तो गळती नसतानाही सुमारे ९.६७ बार होतो. राजूरच्या थंड रात्रीनंतर सकाळी काटा खाली दिसला म्हणजे गळती आहेच, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल.

६. निर्वात चाचणी : व्हॅक्यूम पंपाचा खरा उपयोग ओलावा काढण्यासाठी होतो. त्यात दाबाचा फरक जास्तीत जास्त एक वातावरण इतका व तोही उलट दिशेने असतो. म्हणून निर्वात टिकला याचा अर्थ गळती नाही, असा होत नाही.

एक प्रचलित गैरसमज :
गाडी बंद असताना दाब पाहून वायू पुरेसा असल्याचे ठरविले जाते. वस्तुतः यंत्रणेत थोडेही द्रव शीतक शिल्लक असेपर्यंत हा दाब केवळ तापमानावर अवलंबून असतो. ३० अंशांना आर-१३४एचा दाब सुमारे ९७ पीएसआय असतो, मग शीतक निम्मे असो वा पूर्ण. म्हणून अचूक मापन वजनानेच करावे लागते.

पर्यावरणीय बाजू :
जुन्या गाड्यांतील आर-१२ ओझोनच्या थरास घातक असल्याने १९८७ च्या माँट्रियल करारानुसार त्यावर निर्बंध आले. भारत १९९२ मध्ये या करारात सहभागी झाला. आर-१३४ए ओझोनला घातक नाही. परंतु त्याचा तापमानवाढीतील प्रभाव शंभर वर्षांच्या कालावधीत कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १४३० पट मानला गेला आहे. म्हणजे ७०० ग्रॅम वायू हवेत गेल्यास तो सुमारे एक टन कार्बन डायऑक्साइडइतका परिणाम करतो. २०१६ च्या किगाली दुरुस्तीस भारताने २०२१ मध्ये मान्यता दिली असून अशा वायूंचा वापर २०३२ पासून टप्प्याटप्प्याने कमी करावयाचा आहे.

आर-१२ च्या गाडीत आर-१३४ए भरताना तेल, ओ-रिंग व ड्रायर बदलणे, नळ्यांची योग्यता तपासणे आवश्यक असते. अन्यथा नवी गळती उद्भवते. त्याऐवजी स्वयंपाकाच्या गॅससारखा ज्वलनशील वायू भरणे तर जीवघेणे होय, कारण कूलिंग कॉइल फुटल्यास तो थेट प्रवाशांच्या कक्षात येतो.

निष्कर्ष :
१. वायू भरण्यापूर्वी गळतीचा शोध घेणे हाच दीर्घकाळात कमी खर्चाचा मार्ग आहे.
२. कोणतीही एक पद्धत परिपूर्ण नाही. निरीक्षणापासून आरंभ करून दोन पद्धतींनी खात्री करावी.
३. उरलेला वायू हवेत न सोडता यंत्राद्वारे काढून घ्यावा. हातमोजे व चष्मा वापरावा.
४. वायूंचे नियम व वर्गात शिकविली जाणारी रसायने यांचा गावातील गॅरेजशी असलेला हा संबंध महाविद्यालयीन अध्यापनात व कौशल्य प्रशिक्षणात आणल्यास विद्यार्थी, कारागीर आणि वाहनधारक या तिघांचेही हित साधेल.