लघु शाणन साधने
पोलादी दांडीच्या टोकाला पक्की बसविलेली लहान अपघर्षक (पदार्थ घासून काढणारी) शाणाग्रे व ती फिरविणारे हातयंत्र यांना लघु शाणन साधने म्हणतात. शाणाग्रे दंडगोल, शंकू, गोल इ. आकारांची असतात. दांडीचा व्यास सामान्यतः ३ किंवा ६ मिमी. असतो; दंतवैद्यकात २.३५ मिमी. व्यासाची दांडी प्रचलित आहे. मोठे शाणचाक पोहोचू शकत नाही अशा ठिकाणी, उदा., साच्यांचे खोलगट भाग, छिद्रांच्या कडांवरील कूस, दागिने व कृत्रिम दात यांच्या कामी ही साधने वापरतात.

शाणाग्रात अपघर्षक कण, त्यांना धरून ठेवणारा बंध व मधली छिद्रे असतात. बोथट झालेले कण गळून नवे उघडे पडावे लागतात. म्हणून कठीण पदार्थासाठी मऊ बंधाचे व मऊ पदार्थासाठी कठीण बंधाचे शाणाग्र सामान्यतः निवडतात.

पोलादासाठी ॲल्युमिनियम ऑक्साइड, तर बीड, दगड व काच यांसाठी सिलिकॉन कार्बाइड योग्य ठरते. हिऱ्याचे कण काच, मृत्तिका पदार्थ व टंगस्टन कार्बाइड यांसाठी वापरतात. उच्च तापमानास हिऱ्यातील कार्बन लोखंडात विरघळत असल्याने कठिनीकृत पोलादासाठी घन बोरॉन नायट्राइड श्रेयस्कर असते. ते १९५७ मध्ये प्रथम तयार करण्यात आले. ॲल्युमिनियमासारख्या मऊ धातूचे कण छिद्रांत भरून शाणाग्र गुळगुळीत होते व घासण्याऐवजी केवळ उष्णता निर्माण करते.

परिघीय वेग हा व्यास व फेरे यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असतो. १० मिमी. व्यासाचे शाणाग्र मिनिटास ३०,००० फेऱ्यांनी फिरविल्यास हा वेग सेकंदाला सु. १५.७ मी. होतो, ५ मिमी. व्यासास तो निम्माच राहतो. त्यामुळे लहान शाणाग्रास अधिक फेरे लागतात. मात्र पकडीबाहेर राहिलेली दांडी जितकी लांब, तितकी सुरक्षित वेगमर्यादा कमी होते. ही मर्यादा ओलांडल्यास दांडी वाकून शाणाग्र फुटते व त्याचे तुकडे वेगाने उडतात.

अंतिम सफाईसाठी जाड कणांपासून क्रमाने बारीक कणांकडे जातात. आधीचे ओरखडे पूर्ण नाहीसे झाल्याशिवाय पुढील टप्पा घेतल्यास ते चकाकीनंतर अधिकच ठळक दिसतात. घासण्याचा दाब हलका ठेवतात.

काम करताना डोळ्यांवर संरक्षक चष्मा आवश्यक असतो. वालुकामय दगड कोरडा घासल्यास सूक्ष्म सिलिका धूळ फुप्फुसांत जाऊन सिलिकोसिस हा बरा न होणारा विकार जडतो. म्हणून तेथे पाण्याचा वापर व धूळ शोषून घेण्याची सोय करणे अगत्याचे असते.