एक खोली, दोन कुलपे

पांढुर्णा काय अथवा सौंसर काय, डॉक्टरांच्या घरांची एक ओळखीची रचना असते. खाली दवाखाना आणि वर बिऱ्हाड. या बिऱ्हाडात एक खोली मुलाची किंवा मुलीची असते. बारावीनंतर मुले नागपूर, भोपाळ, पुणे अशा ठिकाणी शिकावयास जातात. पुढे नोकरी, पदव्युत्तर शिक्षण, विवाह. खोली मात्र तशीच राहते. भिंतीवर आवर्तसारणी, फळीवर प्रवेशपरीक्षेची जाडजूड पुस्तके, पलंगावर धुतलेली चादर. वर्षातून चार वेळा तिचा वापर होतो, एरवी दार लोटलेले असते.

दुसरीकडे गृहस्वामी किंवा गृहस्वामिनी डॉक्टर रात्री दहा वाजता जेवणाच्या टेबलावर कागद पसरून बसलेली असतात. आपल्या व्यवसायातील लेखनकार्य गेल्या वीस वर्षांत फार वाढले. विमा कंपन्यांचे अर्ज, जैववैद्यकीय कचऱ्यासंबंधी २०१६ च्या नियमांनुसार दरवर्षी ३० जूनपूर्वी द्यावयाचा अहवाल, नोंदणीचे नूतनीकरण, संगणकावर ऐकावयाची व्याख्याने, आणि २०२० पासून दूरध्वनीवर व व्हिडिओवर दिला जाणारा सल्ला. या कामासाठी दवाखान्यातील टेबल उपयोगी पडत नाही, कारण तेथे निवांतपणा नसतो. यास्तव मुलांच्या खोलीचा विचार मनात येणे स्वाभाविक आहे. तो अमलात कसा आणावा आणि आणताना काय सांभाळावे, याचे विवेचन येथे करावयाचे आहे.

जुन्या घरांची शिकवण

एका खोलीने दोन कामे करावीत, ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. जुन्या घरांतील ओसरीवर सकाळी हिशेब होत, दुपारी पाहुणे बसत, रात्री अंथरुणे पडत. गावचा वैद्य ओसरीवरच नाडी पाहत असे. हे शक्य होई, कारण अंथरूण गुंडाळून ठेवण्याची वस्तू होती. पुढे घरात डबलबेड आला, तो भिंतीला लागून कायमचा बसला, आणि खोली केवळ निजण्याची झाली. खोली पुन्हा दुहेरी करावयाची असेल तर पहिला विचार पलंगाचाच करावा लागतो.

दहा फूट रुंद व बारा फूट लांब अशा खोलीचे क्षेत्रफळ १२० चौरस फूट होते. पाच बाय साडेसहा फुटांचा डबलबेड त्यातील साडेबत्तीस चौरस फूट व्यापतो, म्हणजे खोलीच्या चौथ्या हिश्श्याहून अधिक. त्याऐवजी तीन फूट रुंदीचा दिवाण ठेवला तर साडेएकोणीस चौरस फूट पुरतात. वाचलेल्या १३ चौरस फुटांत चार फुटी टेबलामागे खुर्ची सरकविण्यास लागणारी तीन फुटांची पट्टी बसते. दिवसा दिवाणाचा उपयोग बसण्यास होतो. त्याखालील खणांत गाद्या व पांघरुणे राहतात.

टेबल भिंतीत ठोकून पक्के करू नये, हे विशेष लक्षात ठेवावे. मुलगी पहिल्या बाळंतपणास माहेरी येते तेव्हा ती दोन दिवसांची पाहुणी नसते. दोन-तीन महिने त्या खोलीत पाळणा, शेक-शेगडी आणि रात्रीची जाग असते. अशा वेळी टेबल उचलून दुसरीकडे नेता आले पाहिजे.

बसण्याची रीत

मान आणि कंबर यांविषयी आपण रुग्णांस रोज सांगतो. स्वतः मात्र सोफ्यावर मांडीवर लॅपटॉप घेऊन बसतो. मुलाचे शाळकरी वयातील टेबल प्रौढ माणसास बहुधा ठेंगणे पडते. साधारण ७२ ते ७५ सेंटिमीटर उंचीचे टेबल बहुतेकांस चालते. परंतु खरी कसोटी शरीराची असते. पाय जमिनीवर टेकलेले, कोपर सुमारे काटकोनात, खांदे सैल, आणि पडद्याची वरची कडा डोळ्यांच्या पातळीत किंवा किंचित खाली. लॅपटॉपला हे एकट्याने साधत नाही, कारण त्याचा पडदा व कळफलक एकमेकांस जोडलेले असतात. पडदा चार जाड पुस्तकांवर उचलावा आणि कळफलक निराळा घ्यावा. पडदा हातभर अंतरावर असावा. दर वीस मिनिटांनी वीस फुटांपलीकडील वस्तूकडे वीस सेकंद पाहावे, हा नेत्रतज्ज्ञांचा नियम खिडकी जवळ असल्यास सहज पाळला जातो.

उजेड, उष्मा आणि वीज

खिडकी पडद्याच्या मागे असेल तर डोळे दिपतात, पाठीमागे असेल तर पडद्यावर तिचे प्रतिबिंब पडते. म्हणून टेबल असे ठेवावे की खिडकी बाजूस येईल. उजव्या हाताने लिहिणाऱ्यास ती डावीकडे असणे सोयीचे. व्हिडिओवर सल्ला देताना उजेड डॉक्टरांच्या चेहऱ्यावर हवा, अन्यथा रुग्णास केवळ काळी आकृती दिसते, आणि आजारी माणसास डॉक्टरांचा चेहरा दिसणे हा अर्धा दिलासा असतो. उत्तरेकडील खिडकीचा उजेड वर्षाचा बहुतेक काळ स्थिर असतो. आपला भाग कर्कवृत्ताच्या दक्षिणेस असल्यामुळे जूनच्या आगेमागे काही आठवडे भर दुपारचा सूर्य किंचित उत्तरेकडे झुकतो, हा अपवाद. पश्चिमेची भिंत मात्र वैशाखात संध्याकाळपर्यंत तापत राहते. तिला टेबल न लावता कपाटे लावावीत.

उन्हाळ्यात कूलरवाचून आपले चालत नाही. पण कूलरची हवा दमट असते. ती थेट टेबलावर घेतल्यास कागद मऊ पडतात, पुस्तकांस बुरशी लागते आणि यंत्रांचेही आयुष्य घटते. हवेचा झोत दिवाणाच्या दिशेने ठेवावा, समोरची खिडकी थोडी उघडी ठेवावी आणि नोंदींचे कपाट झोतापासून दूर असावे.

विजेचा हिशेबही सोपा आहे. लॅपटॉप, एक पंखा, एक एलईडी दिवा आणि इंटरनेटचा राउटर मिळून सुमारे दीडशे वॅट होतात. बारा व्होल्टची १५० अँपिअर-तासांची बॅटरी कागदावर १८०० वॅट-तास देते. तूट व बॅटरीचे वय धरून त्याच्या निम्मे हाती आले, तरी सहा तास काम चालते. कूलर या जोडणीवर टाकू नये. घराची अर्थिंग तपासून घ्यावी, आणि राउटर लोखंडी कपाटामागे ठेवू नये.

या खोलीत काय करू नये

ही खोली लेखनाची आणि दूरस्थ सल्ल्याची आहे, तपासणीची नव्हे. शेजारी किंवा आप्त ‘एवढे जरा पाहून घ्या’ म्हणत वर येऊ लागले, की घराचा दवाखाना होतो. मध्य प्रदेशात उपचारगृहे व रुग्णोपचारविषयक संस्थांच्या नोंदणीसाठी १९७३ चा कायदा आहे. नियमाने तपासणी करावयाची तर ती नोंदविलेल्या जागीच करणे इष्ट. शिवाय घरच्यांस घर लाभले पाहिजे, हेही कारण कमी महत्त्वाचे नाही.

दूरस्थ सल्ल्याची मार्गदर्शक तत्त्वे केंद्र सरकारने २५ मार्च २०२० रोजी प्रसिद्ध केली. रुग्णाची ओळख व वय यांची खात्री करणे, औषधचिठ्ठीवर आपला नोंदणी क्रमांक असणे, दिलेल्या सल्ल्याची नोंद ठेवणे, ही बंधने घरी बसून सल्ला देतानाही तितकीच लागू आहेत. ‘ए’ यादीतील औषध पहिल्याच सल्ल्यात लिहावयाचे असेल तर तो सल्ला व्हिडिओवर झालेला असावा लागतो. अंमली औषधे अशा सल्ल्यात लिहिताच येत नाहीत. रुग्ण बोलत असताना दार बंद असावे आणि आवाज कानयंत्रातून यावा. पांढुर्ण्यासारख्या गावात पलीकडच्या खोलीतील पाहुण्यास रुग्णाचे नाव कळले, तर त्याचे घराणेही कळते.

पहिले कुलूप आणि दुसरे कुलूप

येथे या दुहेरी खोलीची खरी अडचण समोर येते. खोलीत रुग्णांचे कागद राहणार, आणि पोळ्याला, दिवाळीला त्याच खोलीत पाहुणेही निजणार. आंतररुग्णांच्या नोंदी तीन वर्षे जपून ठेवाव्यात, असे २००२ च्या आचारविषयक विनियमांत सांगितले आहे. त्या उघड्या फळीवर असून चालणार नाही. त्यांना स्वतंत्र कपाट हवे, त्यास कुलूप हवे आणि किल्ली डॉक्टरांकडेच हवी. संगणकासही संकेतशब्द हवा. हे पहिले कुलूप. त्याविषयी आपणांपैकी कोणाचेही दुमत होणार नाही.

दुसऱ्या कुलपाचा विचार मात्र क्वचितच होतो. त्या खोलीत मुलाच्याही काही वस्तू आहेत. मैत्रिणींची पत्रे, रोजनिशी, अर्धवट सोडलेली चित्रे, एखादे पारितोषिक, एखादी नापास झाल्याची गुणपत्रिकाही. खोली आवरताना आपण सहज म्हणतो, ‘हे काय जपून ठेवायचे?’ आणि वाचूही लागतो. परक्या माणसाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट आपण पत्नीस अथवा पतीसही सांगत नाही. हा आपल्या व्यवसायाचा धर्म आहे. मग स्वतःच्या मुलाची रोजनिशी आपण कोणत्या अधिकाराने उघडतो? मूल अठरा वर्षांचे झाल्यावर त्याचा आजारसुद्धा त्याच्या संमतीवाचून आपण इतरांस सांगत नाही. त्याच्या खणाला निराळा न्याय कसा लावता येईल?

म्हणून खोलीला हात लावण्यापूर्वी मुलास विचारावे. ‘आम्ही असे ठरविले आहे’ ही सूचना झाली; विचारणे निराळे. व्हिडिओवर खोली दाखवीत एकेक फळी त्याच्यासमोर आवरावी. वस्तूंचे तीन भाग आपोआप पडतात : ठेवावयाच्या, तो घेऊन जाईल अशा, आणि देऊन टाकावयाच्या. प्रवेशपरीक्षेची पुस्तके गावातील एखाद्या गरजू विद्यार्थ्यास दिली तर त्यांचे सोने होईल. मात्र पुस्तकांत काही चिठ्ठी राहिलेली नाही, हे मुलानेच येऊन पाहिलेले बरे. ठेवावयाच्या वस्तूंसाठी एक कपाट किंवा पेटी राखावी, तिला कुलूप लावावे आणि किल्ली मुलाच्या हाती द्यावी. वाळवीसाठी वर्षातून एकदा तपासणी लागेल. ती तो आला असताना करावी.

मुलीच्या बाबतीत ही दक्षता अधिक घ्यावी लागते. अनेक घरांत लग्नानंतर पहिल्यांदा मोकळी होते ती मुलीची खोली, आणि तीही न विचारता, कारण ‘ती आता आपल्या घरी गेली’. माहेरी आलेल्या मुलीस तिचे कपाट फायलींनी भरलेले दिसते. ती काही बोलत नाही, पण पुढच्या खेपेस चार दिवसांऐवजी दोनच दिवस राहते.

खोली कोणासाठी ठेवायची

एक साधा नियम करावा. दिवाणावर कागद ठेवावयाचे नाहीत, आणि खोली कोणत्याही दिवशी अर्ध्या तासात निजण्याजोगी झाली पाहिजे. पोळ्याच्या व दिवाळीच्या आठवड्यात टेबलावरील काम खाली दवाखान्यात न्यावे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमार असते; पांढुर्ण्याच्या डॉक्टरांस त्या दिवशी लेखनकार्यास तशीही उसंत नसते.

या विषयामागे आणखी एक प्रश्न आहे, जो आपल्या बैठकांत क्वचित मोकळेपणाने निघतो. मुले परत येतील काय? २०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला, सौंसर त्यात आले. छिंदवाड्यास वैद्यकीय महाविद्यालय झाले. तरीही डॉक्टरांची मुले येथे येऊन दवाखाना चालवतील, याची खात्री कोणी देऊ शकत नाही. काही पालक म्हणूनच खोली जशीच्या तशी ठेवतात, जणू वस्तू हलविली तर आशाही हलेल. काही जण उलट एका रविवारी सारे आवरून मोकळे होतात. पहिल्या प्रकारात मुलावर न बोललेले ओझे पडते, दुसऱ्यात त्याला आपण निरोप दिल्यासारखे वाटते.

मधला मार्ग आहे तो असा : खोली वापरात आणावी, तिथे आपले काम करावे, दिवा लावावा, खिडकी उघडावी, आणि मुलाचे एक कपाट, एक अंथरूण व एक किल्ली निर्विवादपणे त्याची राहू द्यावी. मग तो कायमचा परतो अथवा चार दिवसांसाठी, त्याला बंद खोलीचा कुबट वास येणार नाही. आई किंवा बाबा टेबलावरून उठतील, कागद आवरून कुलूपबंद करतील, आणि त्याची गादी घालून देतील.