पावसात जुनी गाडी नवी का दिसते?

मुलांनो, एक गंमत तुमच्या लक्षात आली आहे का? उन्हाळ्यात गावातली जुनी जीप पाहा. रंग विटलेला, बॉनेट पांढुरकं, बंपर राखाडी. पाटीवरच्या खडूच्या धुळीसारखा रंग हाताला लागतो. तीच जीप आषाढात भर पावसात उभी असते तेव्हा पाहा बरं! लाल रंग लालभडक, निळा रंग गडद निळा. जणू कालच कारखान्यातून आली! पाऊस थांबतो, ऊन पडतं, गाडी सुकते आणि पुन्हा तीच मळकट म्हातारी.

पावसानं गाडीला रंग दिला का? छे! मग ही जादू कसली? या कोड्याचं उत्तर सापडलं की जुन्या गाडीचा रंग, बंपर आणि दिवे घरच्या घरी कसे उजळायचे हेही आपोआप समजतं. आणि हे उत्तर आमच्या जव्हार तालुक्यातच, दाभोशाच्या धबधब्यात लपलेलं आहे.

दाभोशाचं पाणी पांढरं का?

जव्हारजवळ लेंडी नदीवर दाभोसा धबधबा आहे. पावसाळ्यात तो कड्यावरून कोसळतो तेव्हा दुधासारखा पांढराशुभ्र दिसतो. पण खालचं पाणी हिवाळ्यात ओंजळीत घेऊन बघा. तळहाताच्या रेषा दिसतात! मग तेच पाणी पडताना पांढरं कसं झालं?

पडताना पाण्याचे असंख्य थेंब आणि बुडबुडे होतात. प्रकाश त्यांच्यात शिरतो, वळतो, आपटतो आणि चहूकडे विखुरतो. सगळे रंग सारखेच विखुरले की आपल्या डोळ्यांना पांढरा रंग दिसतो. बर्फाची लादी पारदर्शक असते, पण किसून गोळा केला की पांढरा होतो. कारण तेच.

आता गाडीकडे वळू. नवा रंग आरशासारखा गुळगुळीत असतो. उन्हातल्या अतिनील किरणांनी, पावसानं आणि धुळीच्या घासण्यानं त्यावर डोळ्यांना न दिसणारे खड्डे आणि चरे पडतात. प्रकाश त्या खडबडीत पृष्ठभागावर विखुरतो आणि रंगावर पांढुरकी साय आल्यासारखी वाटते. पाऊस पडला की पाणी त्या खड्ड्यांत भरतं, पृष्ठभाग सपाट होतो आणि खालचा खरा रंग दिसतो. म्हणजे रंग गेलेला नसतो, तो खाली दबून बसलेला असतो!

म्हणून पहिली कसोटी पाण्याची. विटलेल्या जागी थोडं पाणी टाका. रंग गडद दिसला, तर पॉलिशनं तो परत येण्याची आशा आहे. पाणी टाकूनही डाग पांढराच राहिला आणि कडेनं पापुद्रे सुटलेले दिसले, तर वरचा थरच निघाला आहे. तिथं कितीही घासलं तरी उपयोग नाही, रंगाऱ्याकडेच जावं लागेल.

रंगाचे थर आणि वारली चित्र

तुम्ही वारली चित्रं पाहिलीच असतील. गेरूनं सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग. डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी ही चित्रं जगभर नेली आणि २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. या रंगात तांदळाच्या पिठाबरोबर डिंक घालतात. का? नुसतं पीठ भिंतीवर टिकत नाही, झडून जातं. डिंक त्याला धरून ठेवतो.

गाडीच्या रंगातही असंच असतं. रंग देणारी पूड वेगळी आणि तिला धरून ठेवणारी राळ वेगळी. ऊन या राळेला खातं. राळ गेली की पूड मोकळी होते आणि खडूसारखी हाताला लागते.

जुन्या जीप, अँबॅसिडर, मुंबईच्या कुर्ल्यात बनणारी प्रीमियर पद्मिनी, या गाड्यांवर बहुधा एकाच प्रकारचा रंग असे. त्यावर पॉलिश घासलं की फडक्याला गाडीचाच रंग लागतो. घाबरायचं नाही, तो मेलेला थर निघतो आहे. नंतरच्या बहुतेक गाड्यांवर रंगाच्या वर पारदर्शक लॅकरचा थर असतो. तिथं फडक्याला रंग लागला, तर मात्र लगेच थांबायचं! कारण लॅकर संपून खालचा रंग निघू लागला आहे.

हे सगळे थर मिळून किती जाड असतील? अंदाज करा पाहू! तुमच्या वहीचं एक किंवा दीड पान, बस्स! त्यातलं लॅकर तर अर्ध्या पानाइतकंच. प्रत्येक वेळी घासलं की त्यातलं थोडं कमी होतं. म्हणून पॉलिश दर महिन्याला करायची गोष्ट नाही.

आधी आंघोळ, मग पॉलिश

गाडीवर धूळ असताना कोरडं फडकं कधीही फिरवू नका. धुळीतले वाळूचे कण पॉलिश पेपरचं काम करतात. आधी पाण्यानं धूळ सोडवायची. कपड्यांची पावडर नको, ती रंगावरचं मेण धुऊन टाकते.

आणि पाणी किती? दोन बादल्या पुरतात. एकीत साबणाचं पाणी, दुसरीत फडकं पिळायला साधं पाणी. आमच्या जव्हार-मोखाड्यात पावसाळ्यात मुसळधार पडतो आणि एप्रिल-मे महिन्यांत आयाबाया हंडाभर पाण्यासाठी पायपीट करतात. तिथं नळी लावून गाडी धुणं शोभत नाही. गाडी थेट नदीत नेऊन धुणं तर मुळीच नको. तेल आणि ग्रीस पाण्यात जातं आणि तेच पाणी पुढच्या पाड्यावरचे लोक आणि गुरं पितात.

गाडी सावलीत सुकली की रबिंग कंपाउंड. हे मोठ्यांचं काम, तुम्ही मदतनीस. मऊ फडक्यावर थोडंसं घ्यायचं, वहीच्या पानाएवढ्या जागेत हलक्या हातानं घासायचं, पुसायचं, बघायचं, मगच पुढं सरकायचं. आधी मागच्या कोपऱ्यात छोटीशी जागा करून पाहावी. कडा आणि कोपऱ्यांवर थर पातळ असतो, तिथं जोर नको. मग बारीक पॉलिश आणि शेवटी मेण. मेण पावसाच्या पाण्यासारखंच काम करतं. उरलेले बारीक खड्डे भरतं. फरक इतकाच, की पाणी दहा मिनिटांत उडतं आणि मेण काही आठवडे टिकतं.

एक सूचना मोठ्यांसाठी. जुन्या पिवळ्या आणि लाल रंगांत पुष्कळदा शिशाचे क्षार असत. असा रंग कोरडा घासून त्याची धूळ उडवू नका. ओलं करूनच घासा, तोंडाला फडकं किंवा मास्क बांधा आणि लहान मुलांना लांब ठेवा. नंतर हात स्वच्छ धुवा.

राखाडी झालेला बंपर

काळ्या प्लास्टिकचा बंपर उन्हानं राखाडी होतो. तिथंही वरचा पापुद्रा खडबडीत होतो. त्यावर गाडीचं मेण लावू नका. खाचांत अडकून पांढरे डाग पडतात.

घरात खोबरेल तेल असतंच. ते लावलं की बंपर काळाभोर होतो! पण दोन-चार दिवसच. त्यावर धूळ चिकटते आणि पहिल्या पावसात सगळं वाहून जातं. प्लास्टिकसाठी मिळणारं ड्रेसिंग त्यापेक्षा बरं. काही जण जवसाचं तेल लावतात. ते हवेत वाळतं आणि टिकतं. पण सावधान! जवसाचं तेल वाळताना गरम होतं. तेलाच्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात फेकला, तर तो आपोआप पेटू शकतो. चिंध्या उघड्यावर पसरून वाळवायच्या किंवा पाण्यात बुडवून ठेवायच्या.

दिव्याचा मोतीबिंदू

आजोबांच्या डोळ्यात मोतीबिंदू झाला की त्यांना धूसर दिसतं. गाडीच्या दिव्यालाही तसंच होतं. पण सगळ्या गाड्यांना नाही. जुन्या जीप, अँबॅसिडर आणि पद्मिनीचे गोल दिवे काचेचे असतात. काच उन्हानं पिवळी पडत नाही. तिथं घासायला जाऊ नका! त्या दिव्यांत बिघडतो तो आतला चकचकीत वाडगा, म्हणजे रिफ्लेक्टर. तो गंजला की बदलावा लागतो.

नंतरच्या गाड्यांचे दिवे पॉलिकार्बोनेट नावाच्या प्लास्टिकचे असतात. सीडीची तबकडी ज्याची असते तेच हे प्लास्टिक. हलकं, दगड लागला तरी सहज न फुटणारं. कारखान्यात त्यावर उन्हापासून वाचवणारा पातळ लेप देतात. काही वर्षांनी लेप झिजतो. मग अतिनील किरणं प्लास्टिकचे रासायनिक बंध तोडतात. तुटलेले तुकडे निळा प्रकाश शोषतात. पांढऱ्यातून निळा गेला की उरतं काय? पिवळं!

हे नुसतं दिसण्याचं काम नाही, बरं का. अमेरिकेतल्या ट्रिपल ए या वाहनचालकांच्या संस्थेनं २०१८ मध्ये मोजमाप केलं. धूसर आणि पिवळ्या पडलेल्या दिव्यांतून नव्या दिव्याच्या सुमारे २० टक्केच प्रकाश बाहेर पडत होता. घासून उजळल्यावर तो सुमारे ७० टक्क्यांपर्यंत परत आला.

आता थोडं गणित. ताशी ४० किलोमीटर वेगानं जाणारी गाडी एका सेकंदात ११ मीटर पुढं जाते. चालकाला समोरचं दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत साधारण एवढाच वेळ लागतो. तुमच्या वर्गाची लांबी मोजून पाहा, ११ मीटर म्हणजे किती ते कळेल. श्रावणातल्या धुक्यात घाटाचं वळण, रस्त्यात बसलेली गाय, आणि गाडीत जव्हारच्या कुटीर रुग्णालयाकडे निघालेली एखादी बाळंतीण. अशा वेळी दिव्याला मोतीबिंदू परवडेल का?

शस्त्रक्रिया कशी करायची?

आधी पुन्हा पाण्याची कसोटी. दिव्यावर पाणी ओतलं आणि तो स्वच्छ दिसला, तर दोष बाहेरून आहे. मग मोठ्यांनी असं करायचं:

१. दिवा धुऊन भोवतीच्या रंगावर मास्किंग टेप दोन पदरी चिकटवायची.

२. हार्डवेअरच्या दुकानातून १०००, १५०० आणि २००० नंबरचे पॉलिश पेपर आणायचे. नंबर जितका मोठा तितका कागद बारीक.

३. कागद आणि दिवा ओला ठेवून १००० नंबरनं आडवं घासायचं. आधी पिवळं पाणी येईल, मग पांढरं.

४. १५०० नंबरनं उभं, २००० नंबरनं पुन्हा आडवं. दिशा बदलली की आधीचे चरे गेले की नाही ते दिसतं.

५. कंपाउंडनं घासून चकाकी आणायची आणि धुऊन पूर्ण सुकवायचं.

६. शेवटी अतिनील किरणांपासून रक्षण करणारं लॅकर किंवा सीलंट लावायचं.

तिसऱ्या पायरीनंतर दिवा पहिल्यापेक्षाही वाईट, दुधी दिसेल. बाबा म्हणतील, “अरे, बिघडवला की दिवा!” तुम्ही सांगा, “बाबा, थांबा, हा दाभोसा आहे. खड्डे बारीक होत गेले की पाणी निवळेल!”

सहावी पायरी मात्र चुकवायची नाही. टूथपेस्टनं दिवा चमकतो, हे खरं आहे. तिच्यात बारीक खरखरीत पूड असते. पण वर लेप दिला नाही, तर उघडं पडलेलं प्लास्टिक पुन्हा पिवळं होतं. काही जण डास पळवणारा फवारा मारतात. त्यातलं डीट नावाचं रसायन प्लास्टिकचा वरचा थरच विरघळवतं. दोन दिवस चमक आणि नंतर भेगा!

हे सगळं कधी करावं? दिवाळीनंतरच्या कोरड्या थंडीत. पावसात लॅकर वाळत नाही आणि मे महिन्यात पत्रा तापून कंपाउंड सुकतं. आणि एक कायद्याची गोष्ट. रंग उजळायला परवानगी लागत नाही, पण गाडीचा रंगच बदलायचा असेल, तर आरटीओत नोंद करावी लागते.

गाडी नाही? मग हे करा

घरी गाडी नसली तरी बिघडत नाही. दुधी काचेची एखादी खिडकी शोधा. तिच्या खडबडीत बाजूवर चिकटपट्टी घट्ट दाबून लावा. पट्टीतून पलीकडचं दिसू लागेल! चिकट पदार्थ खड्ड्यांत भरला, एवढंच.

सायकलच्या क्रोमच्या हँडलवर गंजाचे ठिपके आहेत? ॲल्युमिनियमच्या कागदाचा बोळा करा, पाण्यात बुडवून हलकेच घासा. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ असतं, त्यामुळं क्रोमला सहसा ओरखडा पडत नाही आणि गंज मात्र निघतो. मग कोरडं पुसून तेलाचा हात फिरवा.

आणि आज संध्याकाळी एक काम करा. तुम्ही ज्या जीपनं किंवा व्हॅननं शाळेत जाता, तिच्या दिव्यांकडे नीट बघा. काच की प्लास्टिक? स्वच्छ की पिवळे? पिवळे असतील तर चालककाकांना सांगा, “काका, आधी यावर तांब्याभर पाणी ओतून बघा.” पुढचं त्यांना आपोआप विचारावंसं वाटेल आणि उत्तर तर आता तुम्हाला येतंच!