द्राक्षवेलीवरील केवडा व भुरी

नाशिक, सांगली, सोलापूर या जिल्ह्यांत द्राक्षवेलीची छाटणी वर्षांतून दोनदां होते. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी करून काडी तयार करावयाची व ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी करून त्या काडीवर घड धरावयाचे, अशी तेथील रीत आहे. गोडी छाटणीनंतरची कोंवळी फूट कित्येकदां परतीच्या पावसांत सांपडते. नोव्हेंबर २००९ मधील अवकाळी पावसानंतर केवड्यानें नाशिककडील अनेक बागांची मोठी हानि केली.

बागाइतदाराची गांठ मुख्यत्वेंकरून दोन रोगांशीं पडते. एक केवडा, दुसरा भुरी. या दोहोंची राहणी अगदीं भिन्न असल्यामुळें प्रथम त्यांची ओळख पटली पाहिजे.

केवडा पडला म्हणजे पानाच्या वरील अंगास तेलाच्या थेंबासारखा फिकट पिवळा डाग दिसतो व खालील अंगास त्याच जागीं पांढरी लव उगवते. या जीवास रूढीनें बुरशी म्हणतात. परंतु खऱ्या बुरशीपेक्षां त्याचें नातें कांहीं शेवाळांशीं अधिक जवळचें आहे. त्याचीं बीजुकें पानावरील पाण्याच्या पातळ थरांत पोहत जाऊन पर्णरंध्रांतून आंत शिरतात. अर्थात् पान ओलें राहिलें, तरच त्यांचा शिरकाव होतो. डाग दृष्टीस पडतो तेव्हां रोगाला आंत शिरून कांहीं दिवस झालेले असतात.

भुरीला असा पाण्याचा थर लागत नाहीं. दमट व ढगाळ हवा तिला पुरते. ती पानावर व मण्यावर राखेसारखी पसरते. कोंवळ्या मण्याची साल तिच्यामुळें वाढेनाशी होते, आंतील गर मात्र फुगत राहतो आणि मणी तडकतो. भुरीवर गंधक हें जुनें व गुणकारी औषध आहे; मात्र कडक उन्हांत तें फवारल्यास पानें करपतात. केवड्यावर गंधकाचा उपयोग नाहीं. तेथें ताम्रच हवें.

ताम्राचा हा गुण योगायोगानें कळला. अमेरिकेंतून आलेला केवडा १८७८ मध्यें फ्रान्समध्यें आढळला. वाटसरूंनीं द्राक्षें तोडूं नयेत म्हणून बोर्डोजवळचे मळेवाले रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद व चुना शिंपडीत. त्याच वेली हिरव्या राहिल्याचें १८८२ मध्यें प्राध्यापक मिलार्दे यांनीं पाहिलें आणि १८८५ मध्यें मिश्रणाची कृति प्रसिद्ध केली.

शेंकडा एक प्रमाणाच्या मिश्रणासाठीं १ किलो मोरचूद ५० लिटर पाण्यांत विरघळवावें. दुसऱ्या भांड्यांत १ किलो कळीचा चुना विरवून, गाळून, पाण्यानें ५० लिटर करावा. मोरचुदाचें पाणी चुन्याच्या पाण्यांत ओतून ढवळीत राहावें. भांडीं लांकडी, मातीचीं किंवा प्लास्टिकचीं असावींत. नंतर लोखंडी सुरी बुडवून पाहावी. तिच्यावर तांबूस थर चढल्यास चुना कमी पडला असें समजून आणखी घालावा. मिश्रण त्याच दिवशीं संपवावें. कोंवळ्या फुटीवर तें सौम्य करूनच वापरावें.

हें मिश्रण पानावर कवचासारखें बसून बीजुकांना आंत शिरण्यापूर्वींच मारतें. आंत शिरलेल्या रोगावर त्याचा इलाज चालत नाहीं. म्हणून पाऊस येण्यापूर्वींची फवारणी खरी कामाची. पाऊस जोराचा झाला तर तें धुऊन जातें व पुन्हा फवारावें लागतें.

औषधाइतकेंच महत्त्व हवेला आहे. जादा फुटी काढून टाकाव्यात व काड्या तारांवर मोकळ्या बांधाव्यात, म्हणजे ऊन व वारा आंत खेळून पानें लवकर सुकतात. गळलेलीं रोगट पानें बागेंत ठेवूं नयेत, कारण केवड्याचें बी त्यांतच टिकून राहतें. नत्रखताचा अतिरेकही टाळावा. त्यानें फूट लुसलुशीत होऊन रोगास बळी पडते.

आज पानाच्या आंत भिनणारीं औषधेंही मिळतात. परंतु एकच औषध वारंवार मारल्यास रोगजंतु त्याला दाद देईनासे होतात; म्हणून तीं आलटूनपालटून वापरावींत. शेवटची फवारणी व काढणी यांमध्यें ठरवून दिलेले दिवस जाऊं द्यावेत, नाहींतर औषधाचा अंश मण्यांत राहतो व परदेशीं माल नाकारला जातो. या बाबतींत पुण्याजवळील मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचें मार्गदर्शन घ्यावें. ऑक्टोबरांत आभाळ भरून येण्यापूर्वींच ज्याचें मोरचूद, चुना व पंप तयार असतील, त्याच्या पदरीं घड पडण्याची आशा अधिक.